बाळंतिणीच्या खोलीला भोक

ज्या दिवशी केवळरामचा नातू तुमसरच्या दवाखान्यातून बपेऱ्याला घरी आला, त्याच दिवशी त्याची बायको धुरपता गेल्याचं कळलं.

पुसाचा महिना होता, ऐन थंडी. केवळराम आणि मुलगा मनिष सुनेला आणि बाळाला आणायला गेले होते. धुरपता मुद्दाम मागे राहिली होती. बाळंतिणीची खोली गरम करून ठेवते, म्हणाली होती.

ऑटो दारात थांबला तेव्हा ओवाळायला कोणी बाहेर आलं नाही. मनिषनं हाका मारल्या. मागची खोली आतून लावलेली. केवळरामला आधी रागच आला, बाळ थंडीत ताटकळलं आहे आणि ही झोपली आहे म्हणून. त्यानं दाराला लाथ घातली, तेव्हा खालच्या फटीत कोंबलेलं पोतं सरकलं आणि कडी उचकटली. खोली भट्टीसारखी तापलेली. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासलेल्या. खाटेजवळ मातीची गोरसी, तिच्यातले निखारे राखेखाली अजून लाल. धुरपता कुशीवर झोपली होती, गाल लालसर. केवळरामनं तिचा खांदा हलवला आणि रागातच म्हणाला, "ऊठ ना व, नातू आला."

ती उठली नाही. खांदा ताठ होता.

डॉक्टरनं सांगितलं, कोळशाचा गॅस. बंद खोलीत निखारे ठेवले की तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. गावानं सांगितलं, पुण्यवान बाई, त्रास न होता गेली. गावाचं म्हणणं ऐकायला बरं होतं, म्हणून तेच टिकलं.

केवळरामला ते कधी पटलं नाही. जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. त्या घरात धुरपतानं स्वतःची दोन बाळंतपणं काढली, हीच गोरसी खाटेखाली ठेवून, आणि कोणाला काही झालं नाही. कवेलूच्या फटींतून सगळं निघून जायचं. ऊबही निघून जायची, म्हणून दिवसभर कोळसे घालावे लागायचे. मग घरकुल मिळालं. वर स्लॅब घातला, भिंतींना प्लास्टर झालं, खिडकीला घट्ट पल्ले आले. आता मूठभर कोळशात खोली तापायची आणि तापलेली राहायची. धुरपताला त्याचं भारी कौतुक होतं. पण ऊब आत राहते तसं बाकीचंही आतच राहतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. घर बदललं, गोरसी तीच राहिली. एवढीच गोष्ट केवळराम वर्षभर सांगत होता, आणि लोक मान हलवून दुसरा विषय काढत होते.

यंदा मुलगी खुशबू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि दिवस भरले ते पुन्हा थंडीतच. पुढच्या खोलीत धानाची पोती, तिथंच मनिष, सून आणि वर्षाचा नातू मोनू झोपायचे. बाळंतिणीला द्यायला मागचीच खोली होती. केवळरामनं दिवाळीपासून एकच धोशा लावला. त्या खोलीला दोन भोकं पाडायची, एक वर छताजवळ, एक खाली जमिनीजवळ. डॉक्टरनंच तसं सांगितलं होतं. खालून ताजी हवा आत आली तरच वरून खराब हवा बाहेर जाते, एकट्या भोकाचा फार उपयोग नाही.

त्यानं राजकुमार मिस्त्रीला बोलावलं. राजकुमारनंच ते घरकुल बांधलं होतं.

"काकाजी," राजकुमार भिंतीवर थाप मारत म्हणाला, "लोक मले फटी बुजवाले बोलावतेत. तुम्ही पहिले, भोक पाडाले बोलावलं."

"पाडशीन का नाई?"

"पाडीन ना. पण आता नाका डोंगरीले काम चालू हाय. थंडी जाऊ द्या."

"थंडी गेल्यावर भोक कायले पाहिजे गा?"

राजकुमारला हे इतकं आवडलं की तो हसत हसतच गाडीवर बसला आणि गेला. पुढे चार जणांना त्यानं ते सांगितलं. भोक काही पाडलं नाही.

शेवटी केवळराम तुमसरला पाइपच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, वर नुसतं भोक ठेवलं तर वारा सरळ आत घुसेल. चार इंची पाइप घाला, बाहेरच्या बाजूला वाकडा तुकडा लावा, तोंड खाली करा. म्हणजे थंडी फारशी आत येणार नाही आणि हवा बाहेर जाईल. केवळरामला हे पटलं. घरी येऊन त्यानं स्वतः छन्नी-हातोडा घेतला, स्टुलावर उभा राहिला आणि भिंत फोडली. प्लास्टर हवं त्यापेक्षा दुप्पट उडालं. पाइप बसला, पण बाजूनं सिमेंट भरताना हात कापला. मनिष म्हणाला, "बाबा, मिस्त्रीले पैसे दिले असते तं स्वस्तात पडलं असतं." खालचं भोक दुसऱ्या दिवशी पाडू, असं केवळरामनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाई आली.

ती धुरपताची मोठी बहीण. आई नाही म्हटल्यावर पोरीचं बाळंतपण मावशीनंच करायचं. ती डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली, पाणी प्यायली, आणि खोली पाहायला गेली.

"हे काय होय गा, केवळराम?"

"हवा जायाले हाय, बाई."

"हा तं संडासचा पाइप होय!"

"नवा होय. कालच दुकानातून आणला."

"नवा असो का जुना, खानदान तं तेच ना! माझ्या बहिणीच्या लेकीच्या डोक्यावर संडासचा पाइप? सटवाई येईन नशीब लिहाले, ते दारातूनच वापस जाईन."

सून तोंडाला पदर लावून हसली. खुशबूही पोट धरून हसली. केवळरामलाही हसू आलं असतं, पण त्याला दिसत होतं की बाईची नजर खोलीभर फिरते आहे आणि पाइप बुजवायला काय घ्यावं ते शोधते आहे.

"बाई, डॉक्टरनं सांगितलं. गॅस होते आतमध्ये."

"तो गॅस दिसते का?"

"नाई."

"वास येते?"

"नाई."

"मंग तुले कसा दिसला रे?"

"मले धुरपता दिसली," केवळराम म्हणाला.

गोदावरीबाईनं लाडवांच्या डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तिची वेळ भरली होती, बाप्पा. त्याले कोण काय करीन." आणि संध्याकाळी पाइपात धोतराचा बोळा होता.

केवळरामनं तो काढला. सकाळी पुन्हा होता. त्यानं काढला आणि चुलीत टाकला. मग तिनं पोत्याचा कोंबला. हे असं चालू राहिलं. दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत नव्हती. जेवायला वाढताना ती विचारायची, "भाजी देऊ का?" आणि तो म्हणायचा, "दे." खालचं भोक पाडायला त्यानं छन्नी हातात घेतली की ती म्हणायची, भरल्या दिवसांची पोर घरात आहे, भिंत फोडू नये. हे मात्र सुनेलाही पटायचं, खुशबूलाही पटायचं. एकट्यानं तिघींशी किती भांडणार?

मनिषनं वाट काढली. त्यानं तुमसरहून हीटर आणला. निखारे नाहीत तर गॅस नाही, भांडण नाही. हीटर लावला की घरातले दिवे पिवळे पडायचे, तार लाल व्हायला लागायची आणि मीटरजवळचा खटका पडायचा. गावातला व्होल्टेज तेवढाच. मनिष खटका वर करायचा, तो पुन्हा पडायचा. गोदावरीबाई खाटेवर बसून हे पाहत होती.

"बंद पडला तेच बरं," ती म्हणाली. "करंटच्या गरमीनं दूध आटते."

"कोणी सांगितलं, मोठीमाय?" मनिषनं विचारलं.

"मले कोणी सांगाले कायले पाहिजे? चौदा बाळंतपणं केली मी."

हीटर पुन्हा खोक्यात गेला.

खुशबू तुमसरला बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी ठणठणीत. घरी आल्या त्या दिवशी पहाटे दव इतकं होतं की अंगणातली तुळस पांढरी दिसत होती. गोदावरीबाईनं गोरसी पेटवली, ओवा टाकला, आणि मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. बाळ काकडत होतं, म्हणून केवळरामला अडवता आलं नाही. तो ओसरीवर बसून होता. चहा थंड झाला तरी त्यानं घेतला नाही. मधेच तो उठायचा, दारावर थाप मारायचा. "खुशबू?" आतून आवाज यायचा, "काय बाबा?" तो म्हणायचा, "काही नाई." आणि पुन्हा येऊन बसायचा.

दुपारी जेवायच्या वेळी खुशबू म्हणाली, "डोकं लई दुखून राहिलं. मळमळून राहिलं."

"बाळंतिणीचं दुखतेच," गोदावरीबाई म्हणाली. "वारा लागला असन दवाखान्यात."

केवळराम उठला. डॉक्टरनं हेही सांगितलं होतं, आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. त्यानं खोलीचं दार उघडलं, हाताला पोतं गुंडाळून गोरसी उचलली, अंगणात नेली आणि घडाभर पाणी ओतलं. वाफेचा ढग उठला. पाइपातला बोळा काढला, खिडकीचे पल्ले उघडले.

"मारतेस का पोरीले?" गोदावरीबाई ओरडली.

"तू मारून राहिली, बाई! एकीले मारलं, आता दुसरीले!"

हे बोलायला नको होतं. धुरपता गेली तेव्हा गोदावरीबाई आपल्या घरी होती, तिचा काही दोष नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं. ती भिंतीला टेकली आणि रडायला लागली. केवळराम उभा राहिला. चूक झाली म्हणावं, तर ती पुन्हा गोरसी पेटवील. न म्हणावं, तर बाई रडते आहे.

आणि मग खुशबूच बोलली. पोरीला छातीशी घेऊन, दोन गोधड्यांत, दात वाजत होते तिचे.

"बाबा, खिडकी लावा. हिचे हात पाहा, बर्फ झाले. मले तुमचं सारं समजते. पण आई असती तं तिनं गोरसी ठेवली असती का नाई? सांगा."

केवळरामला उत्तर येत होतं. धुरपतानं गोरसी ठेवली असती. पाइपात बोळाही तिनंच कोंबला असता, वरून त्याला चार शब्द सुनावले असते. वर्षभर तो जिच्यासाठी भांडत होता, ती या भांडणात गोदावरीबाईच्या बाजूनं उभी राहिली असती. त्याला धुरपताचा इतका राग आला, की त्यानं खिडकीचा पल्ला आपटून लावला. बाळ दचकून रडायला लागलं.

संध्याकाळी डोकं दुखायचं थांबलं, मळमळ थांबली. गोदावरीबाई म्हणाली, लाडू खाल्ला म्हणून थांबली.

आता त्यांच्यात एक रीत ठरली आहे. गोरसी अंगणात पेटवायची, तिच्यात विटा तापवायच्या, पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवायच्या. वीट ऊब देते, गॅस करत नाही. पण थंड होते, म्हणून केवळराम दिवसभर विटा आत नेतो, बाहेर आणतो. गोदावरीबाई त्याला "ठेकेदार" म्हणते. शेजारची पोरं विचारतात, बाबाजी, घर बांधता का? त्याची पाठ दुखते. तरी हे चालतं, तो घरी असला तर.

तो बांधीवर, धानाच्या शेतात गेला, दवाखान्यात औषध आणायला गेला, की परत आल्यावर गोरसी खाटेजवळ असते आणि पाइपात बोळा असतो. कोणी ठेवली, हे नीट कळत नाही. सून म्हणते, मोठीमायनं. गोदावरीबाई खुशबूकडे पाहते. खुशबू म्हणते, "थोडाच वेळ ठेवली, बाबा. दार लोटलेलं होतं, लावलं नाई."

आरोग्य खात्याची आशाताई शकुबाई येऊन सगळ्यांना बसवून सांगून गेली. निखारे आत नको, फटी बुजवू नका, बाळाला आईच्या छातीशी धरून गुंडाळा, ती ऊब पुरते. गोदावरीबाईनं सगळं ऐकलं, "होय बाई, होय बाई" केलं, तिला लाडू दिला. शकुबाई जाताना केवळरामला म्हणाली, "काकाजी, म्या तोंड दुखेपर्यंत सांगते. घराघरात हेच हाय. साऱ्या होय म्हणतेत."

ती गेल्यावर केवळरामनं छन्नी-हातोडा काढला आणि खोलीच्या कोपऱ्यात जमिनीजवळ बसला. पहिला घाव घातला, एवढासा टवका उडाला.

"बाबा, आता नका," खुशबू खाटेवरून म्हणाली. "आत्ताच झोपली पोरगी."

त्यानं हातोडा खाली ठेवला.

सव्वा महिना पुरा व्हायला वेळ आहे आणि थंडीही आहे. वरचा पाइप एकटा काम करत नाही. खालचं भोक अजून पाडायचं राहिलं आहे.