डाव्या बाजूचा आवाज

देवानंदने इयरफोन डबीसकट काउंटरवर आपटले आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"अकरम, हा तुहा ओरिजिनल माल?"

चंद्रपूरच्या त्या दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. एकजण टांगलेल्या स्वस्त इयरफोनांतून एखादा निवडत होता. देवानंदने त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याचा हात आखडला. स्वस्तातलं घ्यायचं, महिन्यात फेकायचं आणि निर्लज्जासारखं पुन्हा तेच घ्यायला यायचं! असल्या लोकांची देवानंदला शिसारी यायची. त्याच्या घरी कुकरपासून बुटांपर्यंत सगळं कंपनीचं होतं. भद्रावतीच्या फॅक्टरीत तो तोफगोळ्यांच्या चाचणीवर होता. तिथे कानात घालायला रबरी बोळे मिळत, तेही त्याने कधी घातले नाहीत. ना नाव, ना छाप! त्याचा जोडीदार नथ्थू ते इमानेइतबारे घालायचा आणि देवानंदची बोलणी खायचा.

हे जर्मन इयरफोन मात्र त्याने दहा जणांना विचारून घेतले होते. रिटायर झाल्यावर निवांत गाणी ऐकायची, एवढीच एक हौस त्याने स्वतःसाठी राखली होती. जन्मभर टिकतील म्हणून घेतलेली ती वस्तू पंधरवड्यातच दगा देत होती.

"डाव्या बाजूनं आवाजच येऊन नाई राह्यला. डुप्लिकेट चिपकवला तू मले."

अकरमचा चेहरा उतरला. त्याने ते स्वतःच्या कानात घालून पाहिले.

"भाऊ, अब्बाच्या टायमापासून दुकान आहे. डुप्लिकेट आपण ठेवतच नाई. दोन्हीकून बराबर येते."

"तुले काय समजते आवाजातलं?"

"बाबा, हळू बोला ना," डिंपल, त्याची मुलगी, ओशाळून म्हणाली.

"बरं, अदलाबदल करून पाहा," अकरम म्हणाला. "उजव्या कानातला डाव्यात घाला, डाव्यातला उजव्यात. माल खराब असन तं आता उजवीकडे कमी येईन."

देवानंद तुच्छतेने हसला. या पोराकडून शिकायची वेळ आली होती! त्याने बाजू बदलल्या. उजव्या कानात गाणं लख्ख वाजू लागलं. डावीकडे ते भिंतीपलीकडून यावं तसं येत होतं. त्याने पुन्हा बदलून पाहिलं. तेच. मग डावा इयरफोन बोटाने आत दाबला, आणि त्याचा हात तिथेच राहिला.

अकरम काउंटरला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आला.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "नागपूरले कानाचे चांगले डॉक्टर आहेत."

देवानंदने इयरफोन ओढून काढले. सगळे त्याच्याचकडे बघत होते, डिंपलसुद्धा.

"डुप्लिकेट," तो पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हणाला. "सरासर डुप्लिकेट आहे!"

अकरमने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डिंपलकडे.

"हो भाऊ," तो म्हणाला. "हा पीस खराबच निघाला. दुसरा देतो."

स्वस्त इयरफोन निवडणाऱ्याने हातातला परत टांगला आणि तो काही न घेता निघून गेला. अकरम ते पाहत राहिला. मग त्याने मागच्या कपाटातून नवी डबी काढून दिली.

"आता कसा कबूल झाला!" देवानंदने डबी पिशवीत टाकली.

"बाबा, इथीच लावून पाहून घ्या ना," डिंपल म्हणाली.

देवानंद पायऱ्या उतरलासुद्धा होता.

"कंपनीचा आहे," तो म्हणाला. "त्यात पाह्याचं काय?"