तारेवर टांगलेला नट

व्हिंकोंच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. बाहेरगावी जाणाऱ्या इंजिनातलं तेल पूर्ण काढायचं, पण तेलाच्या चेंबरच्या तळाचा नट परत बसवायचा नाही. तो तारेला बांधून इंजिनाच्या पुढच्या अंगाला, सरळ डोळ्यांसमोर लोंबकळत ठेवायचा. भोकातून धूळ जाऊ नये म्हणून टेपचा एक तुकडा चिकटवायचा, एवढंच.

कामाला लागले त्या आठवड्यात मी विचारलं होतं, "नट बसवून वर 'तेल नाही' अशी चिठ्ठी लावली तर नाही का चालणार?"

फोनशेजारच्या फळीवरून व्हिंकोंनी एक बेअरिंग उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. अर्धगोल, धातूची पातळ पट्टी. आतली बाजू गुळगुळीत असायला हवी होती; ती काळीनिळी पडली होती आणि नांगरल्यासारखी उभी चिरत गेली होती.

"नेवाडाला पाठवलेलं इंजिन," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली. चिठ्ठी त्यालाही होती. गिऱ्हाइकानं तेल न घालता चालू केलं. चाळीस सेकंद. माझी सहा आठवड्यांची मेहनत, चाळीस सेकंदांत राख. माणसं वाचत नाहीत, पोरी. पण नट बाहेर लोंबकळताना दिसला की गाढवालासुद्धा कळतं."

"आणि नाहीच कळलं तर?"

"तर तेल ओतेल आणि सगळं त्याच्याच बुटांवर सांडेल. मग कळेल."

मला हे फार आवडलं. माणसाच्या शहाणपणावर न विसंबता भोकावर विसंबायचं.

सप्टेंबरात बेथेलचं इंजिन तयार झालं. अलास्कातल्या या गावाला रस्ता जात नाही. जड सामान उन्हाळ्यात सिएटलहून बार्जनं, म्हणजे सपाट मालबोटीनं जातं आणि नदी गोठली की संपलं. मोझेस निकोलाय तिथे टॅक्सी चालवत. त्यांच्या व्हॅनचं सहा सिलिंडरचं इंजिन जुलैत फुटलं होतं. त्याच जातीचं दुसरं आम्ही नव्यानं बांधत होतो. हंगामातलं शेवटचं बार्ज पकडायचं, तर बुधवारी चार वाजेपर्यंत इंजिन सिएटलच्या धक्क्यावर पोचायला हवं होतं. ते चुकलं की थेट जून. बेथेलच्या हिवाळ्यात टॅक्सीवाल्याची व्हॅन नऊ महिने उभी, म्हणजे काय ते मोझेसनी फोनवर एकदाच सांगितलं होतं: "व्हॅन नसेल तर मी आणि माझी बहीण तिच्या शिवणयंत्रावर जगू. आणि ती मला रोज ऐकवेल."

त्याच बुधवारी व्हिंकोंच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. जाताना ते म्हणाले, "पॅकिंग तुझं. प्रोफेसरीणबाई, जास्त डोकं चालवू नका."

मी रसायनशास्त्र शिकलेय. डोकं चालवू नका म्हटलं की मला ते जास्तच चालवावंसं वाटतं.

पॅकिंग चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. लाकडी पॅलेटवर लोखंडी चौकट बोल्टांनी आवळली आणि इंजिन तिच्यात त्याच्या स्वतःच्या माउंटिंगवर टांगलं, म्हणजे भार पातळ पत्र्याच्या चेंबरवर येणार नव्हता. चेंबर आणि लाकूड यांच्यामध्ये चार बोटं अंतर. वर दोन पट्टे तिरके, दोन आडवे. सगळी तोंडं झाकली, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकल्या आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळलं; खाली मात्र मोकळं ठेवलं, नाहीतर आतच घाम धरतो. नट तारेवर टांगला. "तेल नाही" ही चिठ्ठीही लावली, तीन ठिकाणी.

फक्त एक गोष्ट मी माझ्या मनानं केली. तीन आठवडे समुद्राची खारी हवा. सिलिंडरांच्या भिंती गंजू नयेत म्हणून व्हिंको प्रत्येकात गंजरोधक तेलाची एक पिचकारी मारत. एक पिचकारी म्हणजे नेमकं किती? मी इंजेक्शनची सिरिंज घेतली आणि प्रत्येकात मोजून तीस मिलिलिटर घातलं. एकूण एकशे ऐंशी. आकडा बघून समाधान वाटलं.

ते तेल पुढे कुठे जाणार, हे मात्र विचारलं नाही.

टकोमातल्या आमच्या वर्कशॉपपासून धक्क्यापर्यंत पिकअपनं पाऊण तास लागतो. तीन वाजता फोर्कलिफ्टनं पॅलेट उतरवला. माल तपासायला डार्लीन होती. पन्नाशीची, कानावर पेन्सिल, हातात पांढऱ्या पुठ्ठ्याचा मोठा ताव. ती तो प्रत्येक इंजिनाखाली सरकवते आणि दहा मिनिटं दुसरं काम करायला जाते.

"बेथेल? एवढ्या उशिरा?" ती म्हणाली. "तुमचं नशीब, एक कंटेनर अजून उघडा आहे."

मी घड्याळ पाहिलं नाही, पुठ्ठ्याकडेच पाहत राहिले. चारेक मिनिटांत पहिला थेंब पडला. सोनेरी, स्वच्छ, मसुरीच्या दाण्याएवढा. मग कडेनं पसरला. मग दुसरा.

इंजिन कोरडं होतं. मी स्वतः काढलं होतं तेल, रात्रभर ठिबकू दिलं होतं. क्षणभर मला ते अशक्यच वाटलं, आणि मग एकशे ऐंशी हा आकडा आठवला. पिस्टनच्या रिंगांना फट असते. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सगळं तेल हळूहळू खाली झिरपलं होतं, चेंबरमध्ये साठलं होतं आणि भोकावरच्या टेपचा गोंद त्यानं विरघळवला होता.

डार्लीन परत आली. वाकून पाहिलं. "परत न्या."

"हे इंजिनातलं तेल नाही. म्हणजे आहे, पण फक्त गंजू नये म्हणून घातलेलं—"

"पोरी, पुठ्ठ्याला ते कळत नाही. याच कंटेनरात शाळेचं पीठ चाललंय. गळतं इंजिन मी त्याच्याशेजारी ठेवू?"

"टेप बदलते."

"टेप?" ती हसली. "समुद्रावर टेप? तो नट काय शोभेला टांगलाय का? बसवा की जागेवर."

पाना माझ्या खिशातच होता. नट बसवायला एक मिनिट लागलं असतं. मी तिथेच उभी राहिले.

"काय झालं? लग्नाचं विचारलं का मी?"

"आमच्याकडे बसवत नाहीत. नट आत असला की समोरच्याला वाटतं, तेल भरलंय."

"मग मालकांना विचारा."

मालकांच्या डोळ्यावर त्या वेळी दिवा रोखलेला होता. फोन बंद. मोझेसना लावला, वाजून वाजून थांबला. तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. नट बाहेर ठेवला तर इंजिन जूनपर्यंत इथे. नट आत घातला तर इंजिन जाईल, आणि कदाचित चाळीस सेकंद जगेल.

मी विचार करायचा प्रयत्न केला. खरं तर एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, माणसं वाचत नाहीत. वाचत नाहीत, तर मग अडली पाहिजेत. भोक बंद होतंय, तर दुसऱ्या कशावर तरी माणूस अडायला हवा. ज्याच्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही असं काहीतरी, आणि ते शोधायला गेलं की तेलाशीच गाठ पडावी असं.

प्लॅस्टिक थोडं फाडलं. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा उघडून आतला रोटर काढला. ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा तुकडा. अंगठ्याएवढा, पण त्याच्याशिवाय इंजिन मेलेलं. तो नायलॉनच्या दोरीनं तेल घालायच्या झाकणाला आतून बांधला, असा की झाकण फिरवून काढलं की रोटर मासा गळाला लागल्यासारखा वर येईल. त्याला चिठ्ठी बांधली: आधी सहा क्वार्ट तेल. रोटरच्या रिकाम्या जागी दुसरी चिठ्ठी: रोटर तेलाच्या झाकणाखाली आहे. मग भोकावरची टेप काढून चेंबर निथळू दिलं, चिंध्यांनी पुसलं, तारेवरचा नट बसवून आवळला.

डार्लीन हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होती. "काय शिकलीयस गं तू?"

"रसायनशास्त्र."

"वाटलंच."

तिनं नवा ताव सरकवला. पुढची दहा मिनिटं मी उकिडवी बसून पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघत होते. पुठ्ठा पांढराच राहिला. तीन बावन्नला फोर्कलिफ्ट आली आणि इंजिन कंटेनरात गेलं.

परतीच्या वाटेवर, टकोमाच्या अलीकडे फाइफ गावच्या सिग्नलला, दुसरा विचार आला. मोझेसकडे जुनी व्हॅन आहे. त्या व्हॅनच्या फुटक्या इंजिनावर त्याच मापाचा रोटर आहे. बेथेलमध्ये कोणी काही फेकत नाही. जागा रिकामी दिसली की ते चिठ्ठी वाचत बसणार नाहीत, हात लांब करून जुना रोटर काढतील, लावतील आणि किल्ली फिरवतील.

मागची गाडी भोंगा वाजवत होती.

घरी पोचून पुन्हा फोन केला. बहिणीनं उचलला. "मोझेस मूस हरणांच्या शिकारीला गेलाय, नदीवर. दोन आठवडे तरी."

"त्यांना एवढंच सांगा, इंजिनात तेल नाही. नट बसवलाय, पण तेल नाही."

"नट आहे, तेल नाही," ती म्हणाली. "बरं. आला की सांगते. मासे वाळवण्यात मला माझं नावही आठवत नाही सध्या."

दुसऱ्या दिवशी व्हिंको एका डोळ्यावर पट्टी बांधून आले. मी सगळं सांगितलं, एकशे ऐंशी मिलिलिटरसकट. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"हा मोझेस माझं जुनं गिऱ्हाइक," ते म्हणाले. "आधीचं इंजिनही माझ्याचकडून घेतलेलं. नट कुठे लोंबकळतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे."

"मग बरंच झालं ना?"

"बरं? नट लोंबकळत नाही याचा अर्थ तो काय घेईल?"

नियम माहीत नसलेल्या माणसानं कदाचित तेल तपासलं असतं. नियम माहीत असलेला तपासणारच नव्हता.

व्हिंको ओरडले नाहीत. फळीवरून बेअरिंग उचलून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "तो किल्ली फिरवेल तेव्हा फोन तू घ्यायचा."

त्यानंतर मी रोज बार्जचा ठावठिकाणा बघत राहिले. नकाशावर एक ठिपका, दिवसाला माझ्या नखाएवढा पुढे सरकणारा. बहिणीला आणखी दोनदा फोन केला, दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "मुली, सांगितलंय की सांगेन." बाराव्या दिवशी वादळामुळे ठिपका हललाच नाही आणि, सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं. बाविसाव्या दिवशी तो बेथेलला लागला. त्यापुढचे पाच दिवस कुठलाही फोन वाजला की मी आधी त्या बेअरिंगकडे बघायची.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला मोझेसचा फोन आला.

"व्हिंको कुठाय? आजारी आहे का?"

"नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बरे आहेत. का?"

"नट आत बसवलेला. मी म्हटलं, म्हातारा सुधारला, तेल भरून पाठवलं. ठिणगीचा रोटर नव्हता, तो मी जुन्यातला लावला."

मी टेबलाची कड धरली. "मग?"

"मग काय. किल्लीला हात लावला. आणि मनात आलं, व्हिंको मार्कोविच मला सहा क्वार्ट तेल फुकट देईल? त्यानं बारा वर्षांत मला एक कॅलेंडर दिलेलं नाही. हा चमत्कार बघावा म्हणून झाकण उघडलं. तर आतून दोरीला लटकलेला रोटर आला."

"आणि तेल?"

"वाळवंट. तुझी चिठ्ठी वाचली. मग बाकीच्या चारही वाचल्या. माझी बहीण म्हणते, कोणीतरी पोरगी नटाबद्दल फोन करते, ती वेडी आहे का."

"चालू केलंत?"

"ऐक." फोन कुठेतरी टेकवल्याचा खडखडाट झाला. मग इंजिनाचा आवाज, एकसारखा, खालच्या पट्टीतला. मी डोळे मिटून खराब बेअरिंगची टकटक ऐकू येते का ते शोधत होते. येत नव्हती.

"तेलाचा दाब किती दाखवतंय?" मी ओरडले.

"पंचेचाळीस, ठणठणीत! आता रोटर दोन झाले. नवा परत पाठवायचा का?"

"ठेवा. फुकट आहे."

तिकडे ते इतके हसले की खोकला लागला.

मी फोन ठेवला तेव्हा व्हिंको मागेच उभे होते. आवाज त्यांनाही ऐकू आला असावा. त्यांनी टेबलावरचं बेअरिंग उचललं, बाहीला पुसलं आणि फोनशेजारच्या फळीवर जागच्या जागी ठेवलं.

"सिरिंज कुठाय?" ते म्हणाले.

मी खणातून काढून दिली. त्यांनी एका सिलिंडरएवढी पिचकारी त्यांच्या पद्धतीनं कपात मारली, सिरिंजमध्ये ओढली आणि उजेडाकडे धरून नव्या डोळ्यानं आकडा वाचला.

"चार मिलिलिटर," ते म्हणाले. "लिहून ठेव कुठेतरी."