लाल रंगाचे खोके

प्लॉवदिव्ह शहराबाहेरच्या किराणा मालाच्या गोदामात कामगारांच्या कानाला बोलकं यंत्र लावायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसला तो रांगेल. आयुष्यात जिथे जिथे तो मोठ्यानं हसला, तिथे तिथे पुढे त्याचंच हसं झालं होतं. पण अनुभवानं शहाणं होणं हे इतरांचं काम, असं त्याचं मत होतं.

यंत्राचा कारभार साधा होता. कानात एक बाई बोलायची : अमुक रांग, अमुक कप्पा, अमुक माल. माणसानं तिथे जायचं आणि कप्प्यावर चिकटवलेला नंबर वाचून तिला ऐकवायचा. नंबर जुळला, की माणूस योग्य जागी उभा आहे अशी तिची खात्री पटायची आणि मग ती किती खोके उचलायचे ते सांगायची.

"घरी एक बाई हुकूम सोडतेच, आता इथेही!" रांगेल म्हणाला. सगळे हसले. पाळीची प्रमुख वेलिना हसली नाही. पोर त्याच्या मुलीच्या वयाची, पण त्याच्या विनोदांना ती कधीच विटली होती.

"रांगेलकाका, चष्मा आणलाय ना? नंबर बारीक आहेत."

"चष्मा म्हाताऱ्यांना लागतो, पोरी."

चष्मा त्याच्या खिशातच होता. पण गोदामात सगळ्यात चपळ हात आपले, एवढी एकच रांगेलची इस्टेट. नाकावर चष्मा चढला की तिचा लिलाव झाला, असं त्याला वाटे. म्हणून त्यानं नामी युक्ती काढली. जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही असं पाहून, तो चष्मा लावून रांगांतून फिरे आणि नंबर पाठ करी. शाळेत पाढ्यांशी त्याचं कधी जमलं नव्हतं. पण लपूनछपून करायचं म्हटलं की त्याची बुद्धी कशी तल्लख चाले. महिन्याभरात बाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो नंबर सांगू लागला. लोक थक्क झाले. सगळ्यात जास्त तो स्वतः झाला.

आणि ईस्टर तोंडावर आला. सणाची अंडी रंगवायचा लाल रंग वर्षानुवर्षं मधल्या खांबाजवळ असायचा. सणाची घाई म्हणून तो दाराजवळच्या दुसऱ्या रांगेत आणला होता. मंगळवारी लिपोवो गावच्या दुकानाची मागणी आली. ते दुकान त्सोंकाचं, म्हणजे रांगेलच्या बायकोचं. "दुसरी रांग, सातवा कप्पा, अंड्यांचा रंग," कानातली बाई म्हणाली. रांगेलनं ताबडतोब नंबर सांगितला. मात्र तो उभा होता खांबाजवळ. तोंडाला नवी जागा पाठ होती, पायांना जुनी. खांबाजवळ आता बुटांचं काळं पॉलिश होतं. खोके तसेच तपकिरी, तेवढेच, नाव तेवढं बारीक. बायकोच्या दुकानाचा माल म्हणून त्यानं ते विशेष प्रेमानं उचलले.

बुधवारी दुपारी त्सोंकाचा फोन आला.

"रांगेल, गावानं उद्या अंडी रंगवायची की बूट?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं डोकं! उद्या मोठा गुरुवार, ईस्टरआधीचा. समोर त्या गोरित्सानं तिच्या दुकानाच्या दारात रंगाची रास मांडलीये. रंगासाठी एकदा बायका रस्ता ओलांडून गेल्या की पीठ, साखर, अंडी, सगळं तिकडेच घेतील. माझी सणाची विक्री गेलीच म्हणून समज."

रांगेल तरातरा वेलिनाकडे गेला. "तुझ्या त्या बाईनं घोळ घातलाय!"

वेलिनानं पडद्यावर पाहिलं. "इथे तर रंग पोचलाय. सातव्या कप्प्यासमोर उभं राहून नंबर तुम्हीच वाचलात, स्वतःच्या तोंडानं. पोचलेला माल मी परत कसा पाठवू? हां, उचलणारा चुकला असेल तर गोष्ट वेगळी."

आता रांगेलची पंचाईत झाली. यंत्राला खोटं पाडायचं तर आपण तिथे उभेच नव्हतो हे सांगावं लागणार. नाही सांगितलं, तर गोरित्सा बायकोच्या नाकावर टिच्चून धंदा करणार. आजूबाजूला कान टवकारले गेले होते. क्षणभर त्याला वाटलं, एकवेळ दुकान बुडालं तरी चालेल. आणि ह्या विचाराची त्याला खरोखर लाज वाटली.

"मी तिथे नव्हतो," तो म्हणाला.

"मग नंबर?"

"पाठ आहेत."

"सगळे?"

"सगळे," रांगेल म्हणाला. एवढ्या फजितीतही आवाजात जरासा तोरा आलाच.

वेलिना पहिल्यांदाच त्याच्यासमोर खदखदून हसली. मग तिनं त्याच्या बोटात अंगठीसारखं एक यंत्र चढवलं. "ह्याचा लाल उजेड कप्प्याच्या पट्टीवर पडला, की हे बीप करतं. आता हे दाखवा पाठ करून." लग्नातली अंगठी घालतानाही रांगेलला एवढे साक्षीदार नव्हते. त्यानं निमूटपणे चष्मा लावला, दुसऱ्या रांगेत गेला, बीप केलं आणि खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचलं. लिपोवोचा ट्रक केव्हाच गेला होता. पाळी संपल्यावर बायकोला फोनवर सगळं कबूल करून, खोके स्वतःच्या खटाऱ्यात घालून तो निघाला.

वाटभर त्याला गोरित्साच्या दारातली गर्दी दिसत होती. प्रत्यक्षात गोरित्सा आपल्या राशीशेजारी एकटीच हाताची घडी घालून उभी होती. सगळ्या बायका त्सोंकाच्या दुकानात कॉफी पीत बसल्या होत्या. त्सोंकानं सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली होती आणि वर म्हणाली होती, "थांबा गं, येतोच आहे तो. निदान त्याचं तोंड तरी बघून जा!" ते बघायच्या लोभापायी एकीनंही रस्ता ओलांडला नव्हता.

"आला, आला! रांगेल, माझे बूट लाल करून दे रे!" म्हातारी स्तान्का ओरडली आणि दुकान हास्यानं दणाणलं. रंग हातोहात संपला. पीठ आणि साखरही संपली. त्सोंकाचं दुकान रांगेलच्या अकलेपेक्षा त्याच्या मूर्खपणावर जास्त चाललं, हे त्याला मान्य करावं लागलं.

ईस्टरच्या रविवारी जेवणाआधी अंड्यांच्या टकरी : अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटलं तो हरला. प्रत्येकासमोर लाल अंडं होतं. रांगेलसमोर मात्र त्सोंकानं काळं कुळकुळीत, बुटासारखं चमकणारं अंडं ठेवलं.

"खाली टाचणीनं कोरलंय ते वाच."

"सत्तेचाळीस," रांगेल झटकन म्हणाला. सातव्या कप्प्याचा नंबर. दुसरं काय असणार?

"बघून."

त्यानं चष्मा लावून अंडं उलटं केलं. नंबर नव्हताच. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : चष्म्यात बरा दिसतोस.

रांगेलनं ते दोनदा वाचलं आणि अंडं हळूच खिशात टाकलं. टकरीला त्यानं दुसरं अंडं घेतलं. ते पहिल्याच टकरीत फुटलं, आणि चष्मा डोळ्यांवर तसाच असल्यामुळे त्याला ते अगदी स्वच्छ दिसलं.