झोळीतल्या पाच मोसंब्या

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे. चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी स्प्रिंग बसवली गेली. मग अंगणवाडीच्या प्रेरणाताईंच्या पिशवीतून मी जालना रस्त्यावरच्या मोसंबीच्या बागांत फिरू लागलो. हुकाला कापडी झोळी, झोळीत मजुरांचं मूल. पहिल्या दिवशी मला कुंकू लावून माझे फोटो काढले होते. आता तबकडीची काच तडकली आहे. मोठ्या माणसांबद्दलचा माझा आदर मात्र त्याआधीच संपला.

नानासाहेबांचंच घ्या. झाडाखाली गळालेलं फळसुद्धा मजुरांनी उचलायचं नाही, ते रसवाल्याच्या क्रेटमध्ये जाईल, हा त्यांच्या बागेचा कायदा. मजुरांची पोरं कोऱ्या चहात भाकर बुडवून वाढत होती.

त्यांच्याकडे राबणाऱ्या नजमाची लाइबा अकरा महिन्यांची होती. मी पाच किलो आठशे दाखवले. तक्त्यावर तो लाल रकाना. लाल आला तरच तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवून खाऊ घालणार होते. पण पुन्हा वजन बघायला तालुक्याचे मोठे साहेब येणार, हे नानासाहेबांना कळलं.

"माझ्या बागंत उपाशी पोर? लोक थुंकतील तोंडावर," ते प्रेरणाताईंना म्हणाले. त्यांनी झोळीत पाच मोसंब्या ठेवल्या आणि वर फडकं अंथरलं. एवढा पंचक्रोशीतला मातब्बर माणूस, आणि लपवतो काय, तर मोसंब्या! ताईंनी झोळी तशीच माझ्या हुकाला अडकवली. त्यांचीही मला किळस आली.

साहेब आले. नजमाने लाइबाला झोळीत ठेवलं, फडक्याखालचं काही गोल तिच्या हाताला लागलं, आणि वजन सात किलो भरलं. हिरवा रकाना. साहेबांनी पेन उघडलं, तेवढ्यात नजमा पुढे झाली. फडक्याखाली हात घालून तिने एकेक मोसंबी काढली आणि नानासाहेबांच्या हातात दिली.

"घ्या मालक, तुमचा माल. खाली पडलेल्याला बी हात लावू नका म्हणले व्हते ना? साहेब, आता माझी पोरगी तोला."

माझा काटा पुन्हा पाच किलो आठशेवर आला, लाल रकान्यात. पाचवी मोसंबी नानासाहेबांच्या हातात मावली नाही. ती खाली पडली आणि कोणीही उचलली नाही. त्याच दुपारी लाइबा आईच्या मांडीवर दवाखान्याच्या गाडीत बसली.

मित्रांनो, माझी काच बदलली नाही तरी चालेल. फक्त झोळीत मूल ठेवाल, तेव्हा त्याच्या खाली स्वतःची अब्रू ठेवू नका.