निघताना ओतलेलं पाणी

घोडागाडी दवाखान्याच्या फाटकातून वळली आणि मागून पाण्याचा सपकारा आला. डॉक्टर लांड्सबेर्गर दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकले.

"अगं मावशे, मला आंघोळ घालतेस काय!" गाडीवान ओरडला.

शेजारी बसलेल्या सानिहाला हसू आलं, पण डॉक्टरांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. जर्मनीने हाकललेल्या या ज्यू डॉक्टरांना तुर्की सरकारने मुद्दाम अंकाराला बोलावून घेतलं होतं. दोन वर्षांत त्यांनी मुलांचा विभाग उभा केला, सानिहाला हाताशी धरून शिकवलं. आता करार संपत आला होता आणि नवा कागद सहीवाचून टेबलावर पडला होता. चार दिवस इस्तंबूलला जाऊन एक्स-रे मशीन बघून येतो, असं ते म्हणाले होते. चार दिवसांना दोन जाडजूड ट्रंका कशाला, ते सानिहाला सकाळपासून कळत नव्हतं आणि विचारायचा धीर होत नव्हता. ते गेले तर विभागाला टाळंच लागणार होतं.

"कोणी टाकलं?" त्यांनी विचारलं.

"गुलीझार मावशींनी. आपल्या वॉर्डातल्या."

"मी तिचं काय वाकडं केलंय?"

"वाकडं?" सानिहा गोंधळली. मागे फाटकात गुलीझार रिकामी घागर काखेत धरून डोळे पुसत होती. "निघालेल्या माणसामागे पाणी ओततात, डॉक्टर. सुखरूप जावं, सुखरूप परत यावं म्हणून. तुमच्याकडे नाही ओतत?"

"ओततात की. आम्ही घर सोडलं तेव्हा वरच्या खिडकीतून बादलीभर ओतलं होतं. पाणी नव्हतं ते."

माफी मागावी तर कोणाच्या वतीने? सानिहाने रुमाल काढून त्यांच्या ओल्या बाहीकडे हात नेला.

"राहू दे," ते म्हणाले. स्टेशन येईपर्यंत ते त्या बाहीकडेच बघत होते.

हमालाने दोन्ही ट्रंका उतरवल्या. डॉक्टरांनी मोठीवर हात ठेवला.

"ही नको. पुस्तकं आहेत. सानिहा, वॉर्डात नेऊन ठेव."

"म्हणजे तुम्ही..."

"आणि त्या बाईंना सांग," डब्याच्या पायरीवर चढता चढता ते म्हणाले, "पुढच्या वेळी अर्धी घागर पुरे."