ग्रहणात चिरलेला बांबू

"सिस्टर, पोटातल्या पोराचा ओठ बाहेरून समजते का हो?"

मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर नोरांनी धुरपताच्या पोटावरचा हात काढला. हिंगणीच्या बुरडाची ही सून, दिवस भरत आलेले आणि भीतीने अर्धी झालेली. पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात सूर्यग्रहण लागलं, गावाने दारं लावून घेतली, आणि ही बाई लग्नघरच्या सुपांसाठी बांबू चिरत बसली. दिवस गेल्याचं तिचं तिलाच ठाऊक नव्हतं! गरोदर बाईने ग्रहणात काही चिरलं की पोराचा ओठ चिरतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. सासू सीताबाई तरीही रोज सांगायची.

"नाही समजत," म्हणत सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "आमच्या आयर्लंडच्या भाषेत एक शब्द आहे, स्केल्च. लाकूड फाटलं, खडक तडकला, सगळं स्केल्च. फार जुना शब्द. कापण्याच्या कुठल्या तरी प्राचीन शब्दातून निघाला, असं शिकलेले लोक सांगतात. माझ्या भावाच्या दुभंगलेल्या ओठालाही आई तेच म्हणायची."

धुरपता उठून बसली. "तुमच्या मायनं बी ग्रहणात काही चिरलं होतं?"

"ग्रहण तिकडे कोण पाळतं? भाऊ पोटात असताना तिला ससा आडवा गेला होता. सशाचा ओठ फाटलेला असतो ना, म्हणून आमच्याकडे दोष सशाचा. पण मरेपर्यंत ती स्वतःलाच बोल लावत राहिली. तू तसं करू नको, बाई."

धुरपताने मान हलवली खरी, पण भीती काही हलली नाही. त्या दूरच्या मुलखातही पोरांचे ओठ चिरतात, एवढंच तिने घरी नेलं.

आठवड्याने मुलगी झाली. डोळे न उघडता तिने पोरीच्या तोंडावरून बोट फिरवलं. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगला होता. ती ओक्साबोक्शी रडली. सिस्टरांनी चमच्याने दूध पाजायला शिकवलं, पुढे टाके घालता येतील म्हणाल्या.

बारशाला बाया जमल्या तशी सीताबाईने घाईघाईने पोरीच्या तोंडावर फडकं टाकलं.

"झाकून ठेव वं. लोकं काय म्हणतीन?"

धुरपताने फडकं काढून बाजूला ठेवलं.

"राहू द्या, आत्याबाई. दम कोंडते तिचा."

आणि सगळ्यांच्या देखत ती पोरीला थेंब थेंब दूध पाजू लागली.