तिसरी खाच

या, असे जवळ येऊन बसा. अर्डेल प्रुइट आणि विलिस लाइल या दोघांची गोष्ट सांगतो. तशी ती एका गाडीची आहे. पण गाडीला जीभ नसते, माणसाला असते, आणि सगळा घोटाळा तिथूनच होतो.

"हिच्यापेक्षा माझी बस बरी ओढायची, डीकन!" मिस ओडेसा ग्रिग्जने गॅरेजात गाडीतून उतरता उतरताच अर्डेलला सुनावलं. चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी होता. "साठ माणसं, त्यांच्या पिशव्या आणि वर माझं वजन धरून!"

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं बस हाकलेली बाई ती. त्याआधी कारखान्यात होती, तेव्हा स्वतःच्या पगारातून घेतलेली ही एकोणसत्तर सालची पॉन्टियॅक गाडी. तिचं इंजिन अर्डेल आणि विलिसच्या गॅरेजात पूर्ण उतरवून, नव्याने बांधून तीनच आठवडे झाले होते.

"पळते की नाही?" अर्डेलने कपाळाला आठ्या घातल्या.

"पळते. वेग आला की बाणासारखी पळते. पण सिग्नलवरून निघताना? परवा शाळेची पोरं सायकलवरून माझ्या पुढे गेली. वर मागे वळून हात केला मेल्यांनी!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला विलिस खुदकन हसला. अर्डेलने त्याच्याकडे असं पाहिलं, की ते हसू तिथेच विरलं.

अर्डेलला हल्ली कशाचाही वीट यायचा. आताच्या पेट्रोलला येणारा गोडसर वास त्याला शिसारी आणायचा. आताचे सुटे भाग म्हणजे त्याच्या मते रंगवलेला कचरा. त्याच्या माउंट हर्मन चर्चमध्ये नवे रेव्हरंड, म्हणजे धर्मगुरू, आले होते. तेही त्याला खपत नव्हते. जुने रेव्हरंड गात गात प्रवचन करायचे ते कसं! आधी शेजाऱ्याशी बोलावं तसं हळू. मग एखादा शब्द सुरात भिजायचा, मग वाक्य, आणि शेवटी सगळं चर्च उठून उभं राहायचं. "हा नवा पहिल्याच वाक्याला किंचाळतो," अर्डेल म्हणायचा. "खाली जोरच नाही, नुसता वर धूर." आणि सगळ्यात जास्त तिटकारा त्याला विलिसच्या हातांचा आला होता. चव्वेचाळीस वर्षं शेजारी काम केलेले ते हात आता थरथरायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार विलिसला रक्त शुद्ध करायला दवाखान्यात यंत्राला जोडून घ्यावं लागे. मागच्या महिन्यात त्याच्या हातून एक स्क्रू पडून हरवला, तेव्हा अर्डेलने बजावलं होतं, "अजून एक चूक, विलिस, आणि तू फोन उचलायचा. इंजिनला हात लावायचा नाही."

विलिसला बायको नव्हती, मूल नव्हतं. इंजिनं होती.

अर्डेलने बॉनेट उघडलं. ठिणगी वेळेवर पडत होती. कार्बुरेटर स्वच्छ होता. मग इंजिन हवा किती जोरात ओढतं ते मोजायचं घड्याळ त्याने जोडलं. काटा अठरावर हवा होता. तो चौदावर बसला, आणि गंमत म्हणजे जराही हलेना.

"हलत नाहीये," विलिस स्टुलावरूनच म्हणाला. "म्हणजे एखादी झडप जळालेली नाही."

"मला दिसतंय."

मग त्याने एकेक प्लग काढून आठही सिलिंडरांचा दाब मोजला. आठही सारखे, आणि आठही कमी.

"आठही जण एका सुरात खोटं बोलतायत," मिस ओडेसा म्हणाली. "आमच्या चर्चच्या वर्गणी समितीसारखे."

अर्डेल हसला नाही. आठही सारखे कमी म्हणजे दोष एकेकट्याचा नाही, सगळ्यांना ताल देणाऱ्याचा. सगळ्या झडपा उशिरा उघडत होत्या आणि उशिरा मिटत होत्या. वेगात ते झाकलं जायचं. हळू चालताना कोंडलेली हवा मागच्या मागे निसटायची आणि जोर जायचा. झडपांना ताल देणारी इंजिनच्या पोटातली साखळी, म्हणजे चेन, चुकीची बसली होती.

अर्डेलच्या तोंडात जणू कडू पाणी आलं. तो वळला.

"चेन बघून बसवली होतीस का, विलिस? की डोळे मिटून? थू! माझ्या नावाने गिऱ्हाईक घरी जातं आणि पोरं त्याला सायकलवरून हात दाखवतात!"

विलिसने तोंड उघडलं, मिस ओडेसाकडे पाहिलं, आणि मिटलं.

"असेल," तो म्हणाला.

"असेल नाही, आहे! बस झालं. आजपासून फोन."

विलिसने खिशातलं पुसायचं फडकं काढलं, चार घड्या घातल्या, बाकावर ठेवलं आणि टोपी घेऊन निघून गेला. मिस ओडेसाने पर्स काखेत मारली. "डीकन," ती म्हणाली, "कुत्र्यालासुद्धा पाहुण्यांसमोर असं बोलू नये." आणि तीही पायीच निघाली.

दुपारभर अर्डेल एकटा राबला. पंखा, रेडिएटर, पाण्याचा पंप, पुढची पुली, सगळं उतरवून त्याने शेवटी साखळीवरचं झाकण सोडवलं, आणि हातात घेऊन उलटं केलं.

झाकणाच्या कडेला लावलेलं चिकट सील सुकून रबरासारखं झालं होतं. विलिस सील लावायचा ते आइस्क्रीमच्या काडीने, सरळ रेघेत, शाळेतल्या पोरीच्या अक्षरासारखं. इथे मात्र अंगठ्याने फासलेलं होतं. रुंद अंगठा, टोकाला चपटा. एकोणीसशे ब्याऐंशीत पंख्याने टोक नेलेला. अर्डेलने स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवला. नीट बसला.

मग त्याला आठवलं. बुधवार होता तो. विलिस दवाखान्यात होता.

साखळीच्या दातेरी चाकाला आतून एक नव्हे, तीन खाचा होत्या. जन्मभर त्याने पाहिलेल्या चाकांना एकच खाच असे. चाक बसवायचं, ठिपक्यासमोर ठिपका आणायचा, झालं. या नव्या चाकाला एक खाच बरोबर वेळेची, एक झडपा लवकर उघडण्याची आणि तिसरी उशिराची. शेजारी बारीक खुणा होत्या. चष्मा पुसून, दिवा टेकवून पाहिलं तेव्हा कुठे दिसल्या. समोर आली त्या खाचेत त्याने चाक ठोकलं होतं, आणि ती तिसरी होती. खोक्यातला कागद विलिसने आदल्या दिवशी पुढे केलाही होता. "पन्नास वर्षं चेन बसवतोय," अर्डेल म्हणाला होता, "मला कागद वाचायला लावतोस?"

त्याने पेट्रोलने हात धुतले, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने. हाताची किळस काही जाईना.

दोन दिवसांनी, विलिसचा दवाखान्याचा दिवस उलटल्यावर, सकाळीच अर्डेलने फोन करून दोघांनाही बोलावून घेतलं. विलिस येऊन फोनजवळच्या खुर्चीत बसला.

"मिस ओडेसा," अर्डेल उभ्यानेच म्हणाला, "परवा ह्याला तुमच्यासमोर बोललो, म्हणून आज तुमच्यासमोरच सांगतो. चेन मी बसवली. कागद न वाचता. हा त्या दिवशी इथे नव्हताच."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "विलिसने बसवली असती तर त्याने कागद दोनदा वाचला असता, आणि मलाही वाचून दाखवला असता."

अर्डेल विलिसकडे वळला. "तुला ठाऊक होतं. मग गप्प का बसलास, गाढवा?"

"तू सुरू झालास की मधे कोणाला थांबवता येतं का?" विलिस जमिनीकडे पाहत म्हणाला. "आणि माझ्या हातून आज ना उद्या चूक होणारच आहे, अर्डेल. म्हटलं, ती हीच समजू. निदान इंजिन तरी तुझ्या हाताने बिघडलेलं, माझ्या नाही."

अर्डेलने ते चाक उचललं आणि विलिसच्या हातात दिलं.

"बसव."

"हात बघतोयस ना माझे?"

"बघतोय. बसव."

विलिस इंजिनपुढे वाकला. कागद गाडीच्या मडगार्डवर पसरून त्याने तो बोट ठेवून वाचला, ओठ हलवत. चाक तीनदा निसटलं. आयुष्यात अर्डेलने कोणासाठी दिवा धरला नव्हता. आज दोन्ही हातांनी धरून तो शेजारी वाकला. उजेड थरथरत होता. आधी त्याला वाटलं, विलिसच्या हातांमुळे तसं दिसतंय. मग लक्षात आलं, दिवा विलिसच्या हातात नाही.

चौथ्या वेळी चाक आत सरकलं.

तर मंडळी, पुढच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये प्रवचन करता करता कोणी सुरात आलं आणि तुमचे डोळे भरून आले, तर तेवढ्यात प्रार्थनेत एक नाव मनात घ्या. विलिस लाइल. फ्लिंटचा.